शिवलेली पुस्तकं

पुस्तकं शिवून ठेवणारा माणूस तुम्ही कधी पाहिला हाय का? मी पाहिला हाय. पाहिला काय, त्याच्याच संग संसार करून राहिली.

आमचे हे, देवराव, गिरणीत होते. दरसाल दसऱ्याले पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचे अन् तिथल्या दुकानांतून पुस्तक आणायचे. घरात साखर नसली तरी पुस्तक यायचं. आणलं का आधी त्याले कपाळ टेकवायचं, मंग मांजरपाटाचा तुकडा घ्यायचा, अन् चारही बाजूंनी टाके घालून पुस्तक त्यात बंद करायचं. कसर लागू नये, झुरळ लागू नये, कोणाचा मळका हात लागू नये. उशीच्या खोळीले तोंड तरी असते, याले तेही नाही. मंग ते गाठोडं लाकडी पेटीत, अन् पेटी खाटेखाली. पौर्णिमेले पेटी बाहेर काढायची, पुसायची, अगरबत्ती लावायची, परत खाटेखाली सरकवायची.

"वाचाल कधी जी?" मी विचारायची.

"रिटायर झालो का."

झाले रिटायर. गिरणीनं हार घालून घरी पाठवलं. पेटी खाटेखाली तशीच, अन् हे सकाळपासून ओट्यावर बसून माझ्या बिड्या वळण्याकडे पाहून राहिले. मले असा राग यायचा का सांगू नका! तसा राग माझ्या नाकावरच असते, वस्तीत कोणालेही विचारा. पण हा राग वेगळा होता. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली विहारात बायांचा वर्ग निघाला, तिथं मी अक्षरं शिकली. जोडाक्षर आलं का अजूनही ठेच लागते. पण ठेच लागते म्हणून कोणी चालणं सोडते का? मी मिठाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाही. अन् माझ्याच घरात, माझ्याच खाटेखाली, पेटीभर पुस्तकं, अन् ती शिवलेली!

आषाढात एक दिवस रविंद्र आला. आमच्या इंदोरा वस्तीतलाच, बँकेत लागलेला, विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी. चांगला पोरगा हाय, उगी नावं ठेवायची नाहीत.

"जय भीम काका. विहारात वाचनालय काढतो आहोत. काचेचं कपाट आलं. आता वस्तीत पुस्तकं म्हटलं की तुमचंच नाव निघतं. द्याल का?"

आमच्या यायची छाती अशी फुगली! "घेऊन जा गा. कायले विचारतं?"

"आता नाही काका. दसऱ्याला सकाळी उद्घाटन आहे, ते तुमच्याच हातून करायचं. तुम्हाला सगळ्यांत आवडलेलं पुस्तक हातात घ्या आणि त्याबद्दल चार शब्द बोला. पोरांना कळू द्या, वाचणारा माणूस कसा असतो ते."

"हो हो," हे म्हणाले. पण दुसरा 'हो' घशातच राहिला. मले दिसलं ते. रविंद्रले दिसलं नाही. तो चहा पिऊन खुशीत गेला.

त्या दिवसापासून यायचं जेवण कमी झालं. वरण-भात समोर, अन् लक्ष भिंतीकडे. मी काही बोलली नाही. मी न बोलणं म्हणजे आमच्या घरात मोठीच गोष्ट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे चपला शोधता शोधता म्हणतात कसे, "यंदा दसऱ्याले पारशिवनीले जातो. प्रयागले भेटून लय दिवस झाले."

प्रयागबाई यायची बहीण. मी हातातलं सूप खाली ठेवलं. दीक्षा घेतली तेव्हापासून यायनं एक दसरा चुकवला नव्हता. तापानं फणफणत असताना मी सायकल रिक्शात घालून नेलं होतं यायले. अन् आता बहिणीची आठवण?

"बसा इथं," मी म्हटलं. "काय झालं ते सांगा. खोटं सांगाल तं मले समजते."

हे बसले. लय वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

"कांता, मी त्यातलं एकही नाही वाचलं वं."

"ते मले माहीत हाय. टाके मी पाहिले नाहीत का? काहून नाही वाचलं, ते सांगा."

"भेव वाटते." यायनं मान वर केली नाही. "बाबासाहेबांनी सांगतलं, शिका. मी तिसरीतून उठलो अन् गिरणीत गेलो. पुस्तक घेतो तेव्हा वाटते, घरी जाऊन वाचीन. घरी आलो का वाटते, उघडलं अन् नाही समजलं तं? बंद हाय तोवर ते मी वाचणार हाय. उघडलं अन् डोक्यात नाही शिरलं, तं मंग काय राहिलं माझ्यापाशी? अन् आता वस्तीसमोर उभं राहून काय सांगू? मले हे सगळ्यांत आवडलं, याचे टाके बारीक हायेत?"

मले हसू यायले पाहिजे होतं. नाही आलं.  इतकी वर्षं हा माणूस खाटेखाली भेव ठेवून वर झोपत होता, अन् मी त्याच्यावर चिडत होती.

पण रडून काय होते? मी उठली, पेटी ओढत अंगणात आणली, अन् बिडीचा तेंदूपत्ता कापायची कैची घेतली.

"अवं! काय करून राहिली!"

"वाचायचं तं उघडा लागते ना जी. दसऱ्यापर्यंत वेळ हाय. न वाचलेलं पुस्तक माझ्या घरातून जाणार नाही, अन् तुम्ही पारशिवनीले जाणार नाही. झालं."

सगळ्यांत जाडं गाठोडं मी आधी उसवलं. टाके मात्र खरंच बारीक होते. आतून कायद्याचं पुस्तक निघालं. यायनं हात धुतले, पुसले, पहिलं पान उघडलं अन् वाचायले लागले. पहिलं वाक्य अर्ध्या पानापर्यंत गेलं अन् तिथूनही वळून पुढे गेलं. हे थकले. मंग मी घेतलं. मीही थकली. लिहिणाऱ्याले पूर्णविराम कोणी दिलाच नव्हता काय कोण जाणे.

"पाहिलं? झालं समाधान?" हे म्हणाले. हरले होते, पण हरल्याचं बरंही वाटून राहिलं होतं यायले. मले तेच नको होतं.

"हे शेवटी वाचू. दुसरं काढते."

तोवर आमच्या बिडीवाल्या बाया आल्या. रोज आमच्याच अंगणात आम्ही चौघी बिड्या वळायले बसतो. बायजाबाई सगळ्यांत म्हातारी, तिच्या जिभेले हाड नाही. कौसल्या पाचवी शिकलेली. सिंधू माझ्याच संग वर्गात होती. तिघी सुपं घेऊन बसल्या, अन् कामाआधी माझा तमाशा पाहायले लागल्या.

दुसरं गाठोडं उसवलं. लहानसं, लाल पुठ्ठ्याचं पुस्तक. नाव 'वस्तीची सभा'. पुठ्ठ्यावर कोट घातलेला, चष्मा लावलेला माणूस हात वर करून बोलून राहिलेला. तिसरं उसवलं, हिरवं. त्यावरही तोच माणूस, नावही तेच. मले वाटलं नजर चुकली. पुढचं निळं. पुढचं परत लाल. मी उसवत गेली अन् तोच माणूस हात वर करत बाहेर येत गेला. पेटी रिकामी झाली तेव्हा कायद्याचं जाडं, दोन-चार वेगळी, अन् बाकी सगळ्या 'वस्तीच्या सभा'!

"का जी," मी विचारलं, "हे काय हाय?"

यायचा चेहरा उतरला. "दुकानवाला दरसाल समोर ठेवते. रंग वेगळा, मले वाटलं पुढचा भाग हाय. अन् पुठ्ठ्यावर बाबासाहेब. त्यायले दुकानातच ठेवून पाठ कशी दाखवू?"

कौसल्यानं पुस्तक हातात घेऊन नीट पाहिलं. "भाऊजी, हे बाबासाहेब नाहीत. कोणीतरी मास्तर काढला हाय."

अन् बायजाबाईनं तोंड उघडलं. "काहून गा देवराव, एकच कोंबडी किती वेळा बाजारातून आणलीस?"

बाया हसल्या. सिंधूच्या सुपातला तंबाखू सांडला. हे उठले, चपला घातल्या अन् फाटकाबाहेर गेले. मागे पाहिलं नाही.

"मावशी, हसायची जागा तरी पाहत जा!" मी बायजाबाईवर ओरडली. ती बिचारी ओशाळली. ओठ मिटून पत्ते कापायले लागली. मी ती लाल-हिरवी पुस्तकं गोळा करून मांडीवर घेतली. यायच्या कष्टाची, यायच्या दसऱ्यांची पुस्तकं, अन् सगळी एकच. असं वाटलं का त्या दुकानवाल्याच्या मानेले धरावं. बाया बिड्या वळून राहिल्या होत्या. मी त्यायच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या ढिगाकडे पाहिलं, अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्या वर्गात एकच पुस्तक होतं ना! बाई वाचणार अन् आम्ही लांबून माना ताणणार. इथं तं एकेकीच्या हातात एकेक येत होतं.

"घ्या," मी तिघींच्या पुढ्यात पुस्तकं टाकली. "उद्यापासून जी वाचीन तिनं बिडी ठेवायची, बाकीच्यांनी तिच्या वाट्याच्या वळायच्या. पाळीपाळीनं. जिची पाळी नाही तिनं पुस्तक समोर उघडं ठेवायचं अन् नजर ओळीवर."

"मले कायले?" बायजाबाई म्हणे. "मले तं सहीच येते."

"सही येते म्हणजे तुमच्या नावातली अक्षरं येतात. तेवढी शोधा. तुमच्या जिभेले काहीतरी काम पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. हे घरात, दाराआड. बाहेर यायले तयार नव्हते. कौसल्यानं पहिलं पान वाचलं, पुस्तक सभा कशी घ्यावी त्याचं होतं. कोणी कुठं बसावं, आधी कोणी बोलावं, भांडण झालं तं काय करावं. 'बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये' हे आलं तशी बायजाबाई म्हणे, "मंग सभेत जायचंच कायले?" त्यावर वाद झाला. वादानं बिड्या भरभर होतात, हे मले तेव्हा समजलं.

मंग माझी पाळी आली. बोट ओळीवर ठेवून मी निघाली अन् एका शब्दाशी अडकली. अ, नु, पुढे काय हाय ते जमेच ना. सिंधू वाकली, तिलेही जमलं नाही. कौसल्याचे हात पत्त्यात. 

"अनुमोदन," घरातून आवाज आला.

आम्ही चौघींनी दाराकडे पाहिलं. आत बसून माणसाले ओळ कशी माहीत? मी उठून डोकावली. हे खाटेवर बसलेले, मांडीवर हिरवं पुस्तक, अन् बोट बरोबर त्याच ओळीवर.

"म्हणजे काय जी ते?" मी विचारलं.

"कोणी एक गोष्ट मांडली का दुसऱ्यानं म्हणायचं, हो, बरोबर हाय. त्याशिवाय ती पास होत नाही." हे म्हणाले. "युनियनच्या मिटिंगीत होत होतं वं. मले माहीत हाय ते."

"मंग बाहेर येऊन सांगा. आतून कायले सांगता, तुम्ही काय नवी नवरी हाय?"

यायनं पुस्तक घेतलं अन् ओट्यावर येऊन बसले. बायजाबाईनं आपलं सूप सरकवून जागा केली. तिनं माफी मागितली नाही, पण कधी नव्हे ते सूप सरकवलं.

तिथून आम्ही मागे वळून पाहिलं नाही. अंगणात चिखल झाला तं छपरीत बसलो. पत्ता कमी आला त्या दिवशी जास्त वाचलं. 'वस्तीची सभा' सरली, परत वाचली, कारण बायजाबाईले पहिल्यापासून पाहिजे होती. मंग बाकीची काढली. विहीर बांधायचं एक होतं, त्यात नुसती मापं. कौसल्या म्हणे सोडू. मी म्हटलं, सोडायचं नाही, यायनं ते छातीशी धरून घरी आणलं हाय. वाचली मापं. एक औषधांचं होतं, त्यानं सिंधूले वाटायले लागलं का तिले सगळेच रोग हायेत. हे समोर बसून ऐकायचे, अडलं तिथं सांगायचे, स्वतःच्या पाळीले वाचायचे. आधी आवाज लहान होता. भादव्यात शेजारच्या घरी ऐकू जायले लागला. समजत नव्हतं ते यायले तेव्हाही समजत नव्हतं. पण आता हे म्हणायचे, "हे मले नाही समजलं, परत वाच वं," अन् परत वाचलं का कधी समजायचं, कधी नाही. आभाळ काही कोसळलं नाही.

फक्त ते कायद्याचं जाडं सरलं नाही. अर्धं झालं अन् दसरा आला.

"देऊन टाकू तसंच," हे म्हणाले.

"बिलकुल नाही. न वाचलेलं जाणार नाही, एकदा सांगितलं ना. ते घरीच राहीन. अन् ते सरेपर्यंत नवीन पुस्तकही येणार नाही. दुकानाकडे पाहायचंसुद्धा नाही यंदा."  मले वाटलं, यायनं मानलं.

दसऱ्याले सकाळी वंदना झाली. वस्ती सगळी विहारात. काचेचं कपाट चकचकीत, त्याले नवं कुलूप. आमची पुस्तकं आत लावलेली, कोपरे दुमडलेले, तंबाखूचा वास येऊन राहिला होता. रविंद्रनं एकदा नाक मुरडलं अन् हसला. मंग यायचं नाव पुकारलं.

हे उभे राहिले. हातात लाल 'वस्तीची सभा'. यायनं ते उघडलं, परत मिटलं, मले बायांच्या बाजूतून दिसत होतं.  मनात म्हटलं, बोला जी, बोला.

"जय भीम," हे म्हणाले. "ह्या पुस्तकात लिवलं हाय, ज्याले जेवढं माहीत हाय, त्यानं तेवढंच सांगावं अन् खाली बसावं. मले एवढं माहीत हाय, का मी इतकी वर्षं पुस्तकं आणली अन् शिवून ठेवली. एकही वाचलं नाही. भेव वाटे, का मले समजणार नाही. हे एकच पुस्तक मी कितीदा आणलं, मलेच माहीत नव्हतं."

कोणी हसलं नाही. 

"यंदा वाचलं. आता एक पान वाचून दाखवतो."

वाचायले लागले. बरं चाललं होतं. पण विहारात वस्तीसमोर वाचणं वेगळं अन् बिड्यांजवळ वाचणं वेगळं. पान उलटताना बोट घसरलं अन् ओळ हरवली. हे थांबले. पान पाहतात, वर पाहतात.  मले उठून यायले ओळ दाखवावीशी वाटली.

"'सभेत सर्वांत मागे बसलेल्याला'," बायांच्या मधून बायजाबाई ओरडली. "तिथून पुढे हाय, देवराव!"

मंग मात्र विहार हसला. पण हे हसणं अंगणातल्यासारखं नव्हतं, आपल्या माणसाचं हसणं होतं. हे पण हसले.

"आभारी हाय मावशी." अन् यायनं पुढचं धडाधड वाचलं: सभेत सर्वांत मागे बसलेल्याला ऐकू जात नसेल, तर ती सभा झालीच नाही असे समजावे. पुस्तक मिटलं. "रविंद्र, एक विनंती हाय गा. कपाटाले कुलूप लावू नको. मी टाके घातले, तू कुलूप घालशील, गोष्ट एकच. हरवलं तं हरवू दे. कोणाच्या तरी घरीच जाईन ना." अन् खाली बसले.

"अनुमोदन!" बायजाबाई परत ओरडली.

रविंद्रनं कुलूप काढलं अन् खिशात टाकलं.

दुपारी आम्ही निघालो. सदरातून, बर्डीवरून, माणसांच्या लोंढ्यासंग. दीक्षाभूमीवर पाय ठेवायले जागा नव्हती. वंदन केलं, निघायचं तं हे पुस्तकांच्या दुकानाकडे वळले. मी यायची बाही ओढून धरली, म्हटलं, "काय ठरलं होतं?" पण गर्दीनंच आम्हाले तिथं नेऊन उभं केलं.

दुकानवाल्यानं यायले ओळखलं. "या काका, जय भीम!" अन् पिवळं पुस्तक समोर ठेवलं. तोच मास्तर, तोच वर केलेला हात. "यंदाचं हाय. बांधू?"

यायनं पुस्तक हातात घेतलं नाही. खिशातून हातही बाहेर काढला नाही.

"वाचलं हाय," हे म्हणाले.

दोनच शब्द. पण ते ऐकायले मी किती वर्षं थांबली होती, ते माझं मलेच तेव्हा समजलं. माझे डोळे भरून आले, अन् मी भलतीकडे पाहायले लागली.

"मंग दुसरं कोणतं देऊ?"

"थांब गा, पाहू दे आधी." यायनं ढिगातून एक उचललं. कपाळ टेकवलं नाही. सरळ मधलं पान उघडलं, बोट ओळीवर ठेवलं, अन् भर गर्दीत, उभ्या उभ्या, ओठ हलवत वाचायले लागले.

मागून लोक रेटून राहिले. कोणी म्हणे, काका घ्या नाही तं सरका. एका पोट्ट्याचा धक्का यायच्या खांद्याले लागला. घरी अर्धं पुस्तक पडलेलं, माझा नेम ठरलेला, अन् मीच दोन्ही हात पसरून गर्दीकडे तोंड करून उभी राहिली.

"थांबा ना बाप्पा जरा!" मी ओरडली. "दिसत नाही का? माणूस वाचून राहिला."